श्रेयांक द्यायचेच, तर परत पाठवण्याचे द्या

प्रति,
मा. सदस्य, विद्यापरिषद,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय : विद्यार्थ्यांनी चालवलेल्या संशोधनपत्रिकांबाबत

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पदवीच्या मुलांना इतिहास शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत मी प्राध्यापक नसते. त्यामुळे हे पत्र कुठल्या विभागाच्या वतीनं लिहिलेलं नाही आणि त्याला जावक क्रमांकही नाही.

आमच्याकडची मुलं गेली चार वर्षं एक संशोधनपत्रिका काढतात. सुरुवातीला त्रैमासिक होती, दुसऱ्या वर्षी षण्मासिक झाली, आता जमेल तेव्हा निघते. पन्नाससाठ पानं, झेरॉक्सवाल्याकडून छापून मधोमध पिना मारलेली. संपादक मुलंच, परीक्षकही मुलंच. लेख आला की त्यावरचं नाव काढून तो दोघांकडे जातो. एक आमच्या कॉलेजातला, एक शेजारच्या तालुक्यातला. शेजारचा अशासाठी, की आमच्याकडे नाव काढून काही उपयोग होत नाही. सातशे मुलांच्या कॉलेजात ‘सदर’ हा शब्द एका वाक्यात तीनदा कोण लिहितो, ते सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्याकडे वाचनालयामागच्या खोलीची किल्ली असते आणि कुणी रडायला लागलं तर पाण्याची बाटली. माझा सहभाग एवढाच.

तुमच्याकडे मला मुख्यतः एकच गोष्ट मागायची आहे. ती नीट कळावी म्हणून आधी एका बारवेबद्दल, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीबद्दल सांगते.

आमच्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाच्या गावाबाहेर बारव आहे. लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीसारखी नामांकित नाही. पायऱ्यांवर बाभळी उगवल्यात, तळाशी प्लॅस्टिक. कमानीवर मात्र चार ओळींचा शिलालेख आहे. मुलानं तो ब्रशनं साफ केला, पीठ भुरभुरून अक्षरं उठवली, फोटो काढले आणि नऊ पानी लेख लिहिला. ‘ही बारव १६९४ साली बांधली गेली’ इथून लेख सुरू होत होता. मग राजाराम महाराज जिंजीला, औरंगजेबाची छावणी दख्खनमध्ये, सगळीकडे धामधूम आणि अशा काळात आपल्या पूर्वजांनी पाण्याची सोय केली, म्हणजे त्यांची जिद्द केवढी. मजकूर चांगला उतरला होता. पोस्टर स्पर्धेत पहिला आला. मीही वाचला होता आणि शाबासकी दिली होती.

परीक्षणासाठी तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीकडे गेला. तिनं शिलालेखाचा फोटो मागवला. तोवर तो कुणीच मागितला नव्हता, मीसुद्धा. फोटोत स्पष्ट दिसत होतं : ‘शके १६९४ नंदन नाम संवत्सरे’. लेखात ‘शके’ गळलं होतं. मुलीनं समासात पेन्सिलीनं लिहिलं, ‘शके आहे. ७८ मिळवायचे राहिले का?’

राहिलेच होते. महिना आणि तिथी झिजून गेल्यामुळे नेमकं सांगता येत नाही, पण सन निघतो १७७२-७३. म्हणजे औरंगजेब जाऊन पासष्ट वर्षं झालेली. जिंजी गेली, छावणी गेली, जिद्दीचा परिच्छेदही गेला. राहिला तो थोरल्या माधवरावांच्या अखेरच्या वर्षाच्या सुमाराचा एक दगड.

दुसऱ्या परीक्षकानं वेगळीच शंका काढली. तो आकडा ९ कशावरून? कडेला टवका उडालाय, तो ६ पण असेल. मग शके १६६४, म्हणजे थेट तीस वर्षांचा फरक. फोटो मोठा करून सगळ्यांनी डोळे ताणले. अर्धे नऊ म्हणाले, अर्धे सहा. दोन शनिवार यातच गेले. तिसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी लक्षात आलं की संवत्सराचं, म्हणजे पंचांगातल्या वर्षाचं, नाव तर वाचता येतंय ना. संवत्सरं साठ, नावं साठ वर्षांनी फिरून येतात. १६९४ मध्ये साठ-साठ मिळवत गेलं की चौथ्या फेरीला शके १९३४ येतं, म्हणजे २०१२ चा गुढीपाडवा. एकाच्या आजोबांनी जुनी पंचांगं टाकलेली नव्हती. त्यानं घरून फोटो पाठवला : शके १९३४, नंदननाम संवत्सर. १६६४ असतं, तर दगडावर दुंदुभी लिहिलेलं असतं. आकडा नऊच होता.

लेख आला तेव्हा नऊ पानांचा होता, छापला तेव्हा चार पानांचा. मध्ये अकरा आठवडे गेले. लिहिणारा मुलगा त्यातले दोन आठवडे आमच्याशी बोलत नव्हता. आता तो परीक्षक आहे आणि फार छळतो, अशी तक्रार माझ्याकडे आली आहे.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण त्या अकरा आठवड्यांत जे घडलं त्याची नोंद करायला तुमच्या कुठल्याच नमुन्यात रकाना नाही. पोस्टरच्या बक्षिसाला आहे. छापून आलेल्या चार पानांनाही उद्या मिळेल, आणि मला भीती त्याचीच वाटते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ करणाऱ्याला १२ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) संशोधन प्रकल्प करावा लागतो. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणारी मुलं या वाटेनं जाणार. प्रकल्प झाला की काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, तीन प्रती, वीस मिनिटांची तोंडी परीक्षा. पुढचं मी पाहिलेलं आहे. मागच्या दिवाळीत विभागाचं कपाट आवरताना पदव्युत्तरचे असे साठेक प्रकल्प निघाले. त्यात एक गावच्या बलुतेदारीवरचा होता, घरोघरी जाऊन केलेला, त्यातले निम्मे सांगणारे आज हयात नसतील. वाळवी मधल्या पानांपर्यंत पोचली होती. परीक्षक सोडून तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही. परीक्षकानंही वाचला असेल, असं गृहीत धरते.

यावर उपाय म्हणून कुणीतरी सुचवणारच, की प्रकल्पावरचा शोधनिबंध छापून आला तर दोन श्रेयांक जास्त द्या. हेतू चांगला असेल. पण हा रस्ता आपण एकदा चालून आलोय आणि पाय कुठे भाजले ते आठवून बघा.

२०१० साली प्राध्यापकांच्या नेमणुका-बढत्यांना गुणांक जोडले गेले. इतके निबंध, इतके गुण. गावोगावी ‘आंतरराष्ट्रीय’ पत्रिका उगवल्या. २०१७ च्या जानेवारीत विद्यापीठ अनुदान आयोगानं मान्य पत्रिकांची यादी काढली. मे २०१८ मध्ये तिच्यातल्या ४,३०५ एकदम उडवाव्या लागल्या. त्याच वर्षी पुण्याच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिलं, की विद्यापीठांनी सुचवलेल्या पत्रिकांमधून तपासलेल्या १,००९ पैकी ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन ठरू शकतात. कुणाचा पत्ता खोटा, कुणाचे संपादक खोटे, कुणाचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, खोटा. ‘विद्यापीठांनी सुचवलेल्या’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले. त्यानंतर मान्य पत्रिकांची नवी ‘केअर’ यादी आली, तिचं कामही पुण्यातूनच चाललं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं तीही बंद केल्याचं जाहीर केलं. आता पत्रिका चांगली की वाईट हे संस्थांनीच ठरवायचं, म्हणजे तुम्हीच. दरम्यान २०२२ च्या नियमांत पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही अटही आयोगानं काढून टाकली. जी अट संशोधकांसाठी सुद्धा नुकसानीची ठरली, ती विशीतल्या पोरांच्या गळ्यात आपण घालायची?

मी हे सोवळ्यात राहून बोलत नाही. २०१६ साली नोकरीच्या अर्जात एक निबंध कमी पडत होता. अडीच हजार रुपये भरले, सहाव्या दिवशी ‘स्वीकृत’ असा मेल आला, दहाव्या दिवशी प्रमाणपत्र. निबंधात एक परिच्छेद दोनदा पडला होता, तो तसाच छापला गेला. तो अंक माझ्याकडे आहे, पण तो मी कुणाला दाखवत नाही. आता तसेच मेसेज माझ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात : ७२ तासांत प्रकाशन, आयएसएसएनसह, सहलेखक चालतील, ई-प्रमाणपत्र मोफत. तो आयएसएसएन म्हणजे गाडीची नंबरप्लेट आहे, पीयूसी नव्हे, हे मुलांना दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. तो आठ अंकी क्रमांक दिल्लीच्या केंद्राकडून फुकट मिळतो आणि आतल्या मजकुराबद्दल काहीही सांगत नाही.

तुम्ही छापून येण्याला श्रेयांक लावलेत, तर बारवेवरचा लेख अकरा आठवडे कोण थांबवेल? तो मुलगा तिसऱ्या दिवशी १६९४ सकट छापून मोकळा होईल. ती चूक इंटरनेटवर कायमची राहील आणि पुढच्या पाच जणांच्या संदर्भात जाईल.

म्हणून माझी मागणी उलटी आहे. लेखकाला काही देऊ नका. ज्यानं तो लेख वाचला, फोटो मागवला, समासात प्रश्न लिहिला आणि लेख परत पाठवला, त्याला द्या. एनएसएस, एनसीसी, खेळ यांना सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक आहेतच. त्याच रांगेत संपादन आणि परीक्षण बसवा. मोजायचं कसं, असं विचाराल. परीक्षणं लेखी असतात, फाइलमध्ये असतात. वर्षात एखाद्यानं सहा लेखांवर लिहिलेली टिपणं काढा आणि वाचा. ‘छान आहे, छापावे’ असं सहा वेळा लिहिणारा लगेच सापडतो. आमच्याकडे दोन सापडले होते.

यावर पहिला आक्षेप मला तोंडपाठ आहे : ज्या मुलांना अजून विषय कळत नाही, ती काय परीक्षण करणार? अमेरिकेत कायद्याच्या बहुतेक पत्रिका विद्यार्थीच संपादित करतात. हार्वर्डची तर १८८७ पासून, आणि तिथं प्राध्यापकांचे लेखही मुलंच निवडतात. आपल्याकडे बंगळुरूच्या लॉ स्कूलची पत्रिकाही मुलांच्याच हातची. प्राध्यापकांचे लेख मुलांनी नाकारण्याच्या त्या पद्धतीवर तिकडे टीका पुष्कळ होते आणि ती मला पटते. मी तेवढं मागतच नाहीये. मुलांचं लिहिलेलं मुलांनी तपासावं, एवढंच. बी.कॉम.च्या मुलीला मराठेशाही माहीत नव्हती. तिला बेरीज येत होती, आणि विचारायला लाज वाटत नव्हती. विषय कळणाऱ्या आम्ही लोकांनी ‘शके’ शोधलं नाही, कारण आम्हाला सगळं कळतं असं आम्हाला वाटत होतं.

शिवाय परत पाठवणं हा अपमान नाही, हेही मुलं यातच शिकतात. रामानुजन यांचा पहिला निबंध १९११ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पत्रिकेत आला. तेव्हा त्यांच्याकडे पदवी नव्हती. त्यांची मांडणी इतकी त्रोटक, की संपादक नारायण अय्यंगार यांना हस्तलिखित पुन्हा पुन्हा परत धाडावं लागलं. कारकुनी शोधत फिरणाऱ्या मुलाचा कागद त्या संपादकानं केराच्या टोपलीत टाकला नाही, की ७२ तासांत छापलाही नाही.

आणि ही परंपरा परकी म्हणून कुणी नाकं मुरडू नयेत. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी मिळून एक सभा काढली, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची. तिची मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, अध्यक्ष दादोबा पांडुरंग. या सभेनं १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू केलं. मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ साली. म्हणजे विद्यार्थ्यांच्या सभेतून निघालेलं मराठी ज्ञानमासिक आधी, विद्यापीठ सात वर्षांनी. तुमच्या परिषदा तर त्याच्याही नंतरच्या. रागावू नका, पण क्रम असा आहे.

मराठीचा मुद्दा यातच येतो. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्रानं तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले आणि ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका वाचायला मोकळ्या केल्या. चांगलं झालं, आम्हीही वाचू. पण आमच्या बारवेबद्दल, उसतोडीच्या कोयत्याबद्दल, माण तालुक्यातल्या दुष्काळी चारा छावण्यांबद्दल त्यात आमच्या मुलांच्या भाषेत काही येणार नाही. ते इथंच लिहिलं जायला हवं. मराठी अभिजात झाली तेव्हा आमच्याकडे रांगोळी काढली होती. पण मराठीत ‘सॅम्पल’ला नमुना म्हणायचं की प्रतिदर्श, यावर आमच्या संपादक मंडळात पाऊण तास भांडण झालं, ते मला रांगोळीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. (नमुना जिंकला.) पण आजही प्रकल्प मराठीत लिहिला तर ‘स्कोप कमी होतो’ असं मुलांना सांगणारे मार्गदर्शक आहेत. विद्यापरिषदेनं एक ओळीचं परिपत्रक काढलं, तरी त्यांची तोंडं बंद होतील.

चॅटजीपीटीबद्दल थोडक्यात. मागच्या अंकाला आलेल्या चौदा लेखांपैकी तीन लेखांत अस्तित्वातच नसलेली पुस्तकं होती, पृष्ठक्रमांकासकट. सॉफ्टवेअरनं ती पकडली नाहीत. मुलांनी नियम केला : प्रत्येक संदर्भाच्या पानाचा फोटो जोडायचा. तिन्ही लेख परत आले नाहीत.

आता खरी अडचण. या पत्रिका तिसऱ्या-चौथ्या अंकाला मरतात. भांडणानं नाही, पैशानंही नाही. संपादक पास होऊन पुण्याला निघून जातो आणि त्याच्यासोबत पासवर्ड जातो. आमचे पहिले दोन अंक एका मुलीच्या गुगल ड्राइव्हवर होते; तिनं जागा कमी पडली म्हणून लग्नाचे फोटो ठेवले आणि अंक काढले. तिला दोष देता येत नाही. पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी शोधगंगा हे ऑनलाइन भांडार आहे. पदवीच्या मुलांच्या लिखाणासाठी तुमच्या ग्रंथालयाच्या सर्व्हरवर एक कोपरा द्या. ओपन जर्नल सिस्टिम्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जगभर वापरतात. लागतो तो एक ग्रंथालय कर्मचारी, ज्याच्याकडे किल्ल्या राहतील आणि जो मुलांबरोबर पास होऊन जाणार नाही. खर्च विचाराल तर एका दीक्षांत समारंभाच्या मांडवाइतकाही येणार नाही.

तेवढं केलंत की मात्र बाजूला व्हा. संपादक म्हणून प्राध्यापक नेमा, अशी अट नको. सल्लागार मंडळात अकरा नावं नकोत. कुलगुरूंचा शुभसंदेश, प्राचार्यांचं मनोगत, संस्थाचालकांचा रंगीत फोटो यासाठी वार्षिकांक आहे आणि तिथं तो शोभतो. मूल्यांकनाच्या अहवालातही या पत्रिकांची संख्या मागू नका. मागितलीत, की जूनमध्ये प्रत्येक कॉलेजला एक पत्रिका असेल आणि सगळ्यांचा मजकूर सारखा असेल.

मुलं चुकतील. छापूनही चुकतील. आमच्या प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर शुद्धिपत्र असतं, आधीच्या अंकातल्या चुकांचं. ते सुरू करायला मी विरोध केला होता, आपल्याच पत्रिकेची शोभा कशाला, म्हणून. मतदान झालं, मी हरले. माझ्या अडीच हजारांच्या निबंधाला असं एखादं पान मिळालं असतं तर बरं झालं असतं, असं हल्ली वाटतं.

तुमच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती. ‘ऐनवेळचे विषय’मध्ये नको. तिथवर येईपर्यंत गणपूर्ती राहत नाही, असं ऐकते.

कळावे,
आपली विश्वासू,
तासिका तत्त्वावरील एक शिक्षिका

ता. क. : सोबत बारवेच्या लेखाचा अंक पाठवत आहे. पान २१ वर संवत्सराचं नाव ‘नंदण’ असं छापलं गेलंय. दगडावर ‘न’च आहे. दुरुस्ती पुढच्या अंकात येईल. चूक माझी आहे, शेवटचं मुद्रितशोधन मी केलं होतं.